पाचशे एक्क्याण्णव

दाऊद फकिरा खरात हे आमच्या शाळेचे कारकून. १९७० च्या जुलैत त्यांनी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर एक अर्ज आणून ठेवला. सर्व्हिस बुकात माझी जन्मतारीख एका वर्षानं चुकली आहे, मी खरा एका वर्षानं मोठा आहे, तरी पुढच्या वर्षी न करता मला याच ऑक्टोबरात निवृत्त करावं, असं त्यात लिहिलं होतं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. वय कमी करून घेणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते, वाढवून मागणारा हा पहिलाच. घरात लग्नाची मुलगी, बायको दम्यानं बेजार, आणि हा माणूस हातातलं एक वर्ष सोडून निघालेला. ड्रिल मास्तर म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागलाय.

चळ नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ते कसं ठाऊक होतं हे सांगायची तेव्हा माझी छाती झाली नाही. आता माझी नव्वदी आली, गावाचं नावसुद्धा बदललं. लाज वाटून वाटून किती वाटणार, म्हणून सांगून टाकते.

शाळा छावणीत, दोन जुन्या बंगल्यांत भरायची. ती कुठल्या विलायती मिशनची नव्हती. छावणीतल्या सहा-सात ख्रिस्ती कुटुंबांनी मिळून ती काढली होती आणि सरकारची मदत घ्यायची नाही असा त्यांचा हट्ट होता. मुलं-मुली एकाच वर्गात, मध्ये फक्त जायची वाट. वसतिगृह नाही, सकाळी यायचं, हॉलमध्ये प्रार्थना म्हणायची, संध्याकाळी आपापल्या घरी जायचं. हिंदूंच्या मुली होत्या, मुसलमानांच्या होत्या. औरंगाबादेत तेव्हा लोकांना नावं ठेवायला एवढं पुरेसं होतं. माझे वडील आप्पासाहेब वकील होते, ते म्हणायचे, नावं ठेवणाऱ्यांना इंग्रजी येत नाही.

दाऊदचे वडील फकिरा छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाचे माळी होते. तिथंच घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि उर्दू बोलणाऱ्या कुणा पाद्र्यानं मुलाचं नाव ठेवलं दाऊद. मुलगा उर्दू शाळेत शिकला आणि असा शिकला, की त्याचं अक्षर पाहायला सुभेदारीतले मुन्शी यायचे. शाळेचं शिक्षण इंग्रजीत चालायचं, पण निजामाच्या खात्याला कागद उर्दूत लागायचे, म्हणून सगळं दप्तर दाऊदच्या हातचं. आम्ही पोरं त्यांना मुन्शीजी म्हणायचो. मुन्शीजी म्हटलं की ते चष्म्यावरून बघायचे आणि खूश व्हायचे. माणूस शिष्ट होता. दौतीजवळ कुणी गेलं तर ओरडायचे.

सप्टेंबर अठ्ठेचाळीसमध्ये पोलीस अ‍ॅक्शन झालं आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. आमच्या घरी पेढे वाटले. नवाबपुऱ्यात माझ्या बाकावरची मैत्रीण नजमा राहायची, तिच्या घरचे आतून कडी लावून बसले. तिचे वडील कोर्टात मुन्शी होते. त्यांची नोकरी गेली, मग त्यांनी अंथरूण धरलं, आणि दीड वर्षात ते गेले.

त्याच महिन्यात दाऊद बहिणीला आणायला जालन्याकडे गेले होते. वाटेत लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना अडवलं आणि नाव विचारलं. त्यांनी खरं नाव सांगितलं. दाऊद म्हणजे मुसलमान असं धरून त्यांना आणि आणखी एकाला लिंबाखाली दुपारपर्यंत बसवून ठेवलं. दाऊदनी गळ्यातला क्रूस दाखवला, मराठीतून सगळी प्रार्थना म्हणून दाखवली, तेव्हा ते लोक हसले आणि यांना सोडलं. शेजारच्या माणसाला सोडलं नाही. पुढं काय झालं ते त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर ते डी. एफ. खरात अशी सही करू लागले. आम्हाला म्हणाले, मुन्शीजी म्हणू नका, खरात सर म्हणा. आम्ही काही दिवस मुद्दाम मुन्शीजी म्हणून त्यांना चिडवलं. ते चिडले नाहीत. इकडंतिकडं बघायचे, कुणी ऐकलं का म्हणून.

पन्नास साली हुकूम आला की सगळी रजिस्टरं उर्दूतून इंग्रजीत उतरवा, आठ दिवसांत. जुनी रजिस्टरं कचेरीत जमा होणार. नवीन रजिस्टरात खाडाखोड चालणार नाही, आणि शेवटच्या पानावर कारकुनानं लिहून द्यायचं की सगळं मुळाबरहुकूम तपासलं, बरोबर आहे.

नावं उतरवणं सोपं होतं. गोची तारखांची होती. निजामाच्या राज्यात साल चालायचं फसली, आणि ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्याचे पहिले तीन महिने आजूर, दै आणि बहमन. म्हणजे आपले ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. या तीन महिन्यांत जन्मलेल्याच्या फसली सालात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं. पुढं जानेवारी लागला की इंग्रजी साल बदलतं आणि फसली तेच राहतं, म्हणून पाचशे एक्क्याण्णव मिळवायचे. उर्दू दप्तरातल्या कुणालाही हे झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण नवे अधिकारी आले होते दुसऱ्या प्रांतांतून. त्यांनी कारकुनांच्या बैठकीत तोंडी सांगून टाकलं, सरसकट पाचशे एक्क्याण्णव मिळवा आणि मोकळे व्हा.

दाऊद उठून म्हणाले की साहेब, पहिल्या तीन महिन्यांना नव्वद लागतात. साहेबानं नाव विचारलं. हे उभ्या उभ्या घामानं भिजले. साहेब म्हणाला, निजाम गेला, तरी मुन्शी आम्हाला शिकवणारच का. सगळे हसले, आणि दाऊद खाली बसले.

हे मला त्यांनीच पुढं, निवृत्त झाल्यावर, सांगितलं. म्हणाले, लिंबाखाली बसलो होतो तेव्हा अस्संच हसले होते.

तर त्यांनी सरसकट पाचशे एक्क्याण्णव मिळवले. आजूर, दै, बहमनातली सगळी पोरं कागदावर एका वर्षानं लहान झाली. यात वाईट काय आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आपल्याकडे वर्ष कमी लागलं तर कोण रडतं? नोकरीत एक वर्ष जास्त मिळतं, आईबाप उलट दुवा देतात. ते स्वतः आजूरातलेच. स्वतःच्या सर्व्हिस बुकातही त्यांनी तेरा साल टाकलं, खरं बारा होतं. मग शेवटच्या पानावर बरोबर आहे म्हणून सही केली.

दोन वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. बावन्नच्या मार्चात आमची मॅट्रिक होती आणि डिसेंबरात फॉर्म गेले. परीक्षेच्या दिवशी वय पंधरा पूर्ण लागायचं. जानेवारीत मंडळाकडून दोन फॉर्म परत आले, चौदाच वर्षं आहेत म्हणून. एक माझा, बहमनातला. दुसरा नजमाचा, आजूरातला.

माझं एक वर्ष बुडालं असतं तर मी घरी बसून लोणची घातली असती, दुसरं काही झालं नसतं. मला अभ्यासाची फारशी आवडही नव्हती. नजमाचं तसं नव्हतं. वडील गेल्यावर तिचं आणि तिच्या आईचं, जाहेदाबींचं, सगळं सिल्लोडच्या चाचांच्या हातात होतं. फारूख चाचांचं कापसाचं दुकान होतं. माणूस दुष्ट नव्हता, पण पोरांच्या शेजारी बसून शिकणारी पुतणी त्यांना खपत नव्हती. जाहेदाबींनी त्यांच्या पाया पडून एक कबुली घेतली होती: बावन्नची मॅट्रिक होईपर्यंत थांबायचं. पास झाली तर आमच्याच शाळेत तिला खालच्या वर्गावर घेतो, असं मोठ्या बाईंनी, म्हणजे मिस हिवाळ्यांनी, सांगून ठेवलं होतं. मग मायलेकी इथंच राहिल्या असत्या. नाही झाली तर उन्हाळ्यात निकाह. मुलगा म्हणजे चाचांचा भागीदार, बायको वारलेला, चाळिशीचा. नजमा रोज मधल्या सुट्टीत भूमिती करत बसायची. मी तिच्या डब्यातली खजूर खायचे.

फॉर्म परत आल्याच्या दिवशी ती रडली नाही. मला म्हणाली, "तेरे अब्बा वकील हैं. मेरे वास्ते भी बोल देना."

मी सांगितलं. आप्पासाहेब दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. माझी पत्रिका होती, तीत तिथी, शके सगळं. त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं, की प्रवेशाच्या वेळी तारीख आम्हीच चुकीची सांगितली. चूक आईबापांनी अंगावर घेतली, कारकुनाचं नाव कुठं आलं नाही, काम झालं. दाऊदनी लाल शाईनं माझ्या ओळीवर दुरुस्ती केली. मग त्यांनी आप्पासाहेबांना बाहेर वऱ्हांड्यात नेलं आणि हात जोडले. नजमाकडे पत्रिका कुठली? तिची तारीख दुरुस्त करायची तर हिशेबच चुकला असं लिहावं लागणार. तेव्हा सगळं रजिस्टर मागवणार, कुणाकुणाला नव्वदऐवजी एक्क्याण्णव लावले ते बघणार, आणि खाली सही कुणाची, तर डी. एफ. खरात. उर्दू दप्तरातली माणसं त्या वर्षी अशीही भराभर घरी बसत होती.

संध्याकाळी आप्पासाहेब मला म्हणाले, "एक चूक दुरुस्त होती गं, दोन निघाल्या की चौकशी लागती. पाच लेकरं हायेत त्याला. आपलं झालं ना? आता तू त्यात पडू नको, अन्‌ बोलू बी नको कुठं."

मी पडले नाही. बोललेही नाही. लहान होते म्हणावं तर आत्ताच सांगितलं, पंधरा पूर्ण होती. नजमाला म्हटलं, आप्पासाहेबांनी विचारलं, पण तुझं होत नाही म्हणतात. ती मान हलवून भूमितीकडे वळली.

चार दिवसांनी जाहेदाबी स्वतः शाळेत आल्या. नवऱ्याच्या मागं त्या पहिल्यांदाच छावणीपर्यंत आल्या असाव्यात. नजमा वर्गात होती. मी फळ्याच्या खडूसाठी ऑफिसात गेले होते आणि दाराशीच थबकले. बुरख्यातून त्यांनी एक छोटी वही काढली. नजमाच्या वडिलांची, पोरं झाली त्या तारखा त्यांनी शेवटच्या पानावर लिहून ठेवलेल्या. जाहेदाबींना वाचता येत नव्हतं. मिस हिवाळे नगरच्या, त्यांना उर्दूतलं अलिफ ठाऊक नव्हतं. त्यांनी वही दाऊदकडे सरकवली. बाई कडक होत्या, पण त्या दिवशी त्यांचा सूर मऊ होता. म्हणाल्या, नीट बघून सांगा, या मुलीचं सगळं यावर आहे.

दाऊदनी वही डोळ्यांजवळ नेली. किती वेळ वाचत राहिले. चार शब्द होते.

"आजूर, तेराशे सेहेचाळीस," ते म्हणाले. हे खरं होतं.

"म्हणजे इंग्रजी किती?"

"सदतीस, बाई. पाचशे एक्क्याण्णव मिळवायचे."

मिस हिवाळ्यांनी कागदावर बेरीज करून पाहिली. बेरीज बरोबर होती. त्यांनी जाहेदाबींना सांगितलं, वहीतही तेच आहे. जाहेदाबींनी मुन्शीजींकडे पाहिलं. त्या खोलीत त्यांच्या नवऱ्याचं अक्षर वाचू शकणारा तो एकच माणूस होता. म्हणाल्या, "तुमे बोले तो सहीच होइंगा." वही बुरख्याखाली घेऊन निघाल्या. दारात त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कारण मी लेकीची मैत्रीण.

मला नव्वद-एक्क्याण्णवची भानगड तेव्हा नीट कळत नव्हती. पण हा माणूस खोटं बोलतोय एवढं मला कळलं. त्यांनीही मला दारात पाहिलं. मी खडू घेतले आणि वर्गात गेले.

मार्चात मी परीक्षा दिली. मेमध्ये नजमा सिल्लोडला गेली. जाताना भूमितीची कंपासपेटी मला देऊन गेली. मी पास झाले, जेमतेम. पुढं शिकले, आणि अठ्ठावन्न साली याच शाळेत खालच्या वर्गावर मास्तरीण झाले. नजमासाठी ठेवलेली ती जागा. मी मागितली नव्हती, पण नाहीही म्हटलं नाही.

तिथून बारा वर्षं मी आणि दाऊद एका छताखाली होतो. ते बदलले होते. प्रवेशाच्या वेळी एकेका तारखेला तीन-तीनदा विचारायचे, पालक वैतागायचे. एखादी मुलगी शाळा सोडून चालली की तिच्या दाखल्यावर सही घ्यायला माझ्याकडे स्वतः यायचे नाहीत, शिपायाबरोबर पाठवायचे. रविवारी चर्चमध्ये पूर्वी पुढं उभं राहून वाचन करायचे, ते त्यांनी सोडलं. डोळे गेले म्हणायचे. रजिस्टर मात्र बिनचष्म्याचं वाचायचे. आमच्यात ती गोष्ट कधी निघाली नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि राग आला की माझीच लाल शाईतली ओळ आठवायची, मग तो राग कुठं ठेवू ते कळायचं नाही.

सत्तरच्या जूनमध्ये प्रवेश चालू होते. मी खिडकीशी बसून फॉर्म तपासत होते आणि दाऊद रजिस्टर भरत होते. एक बाई दहा वर्षांच्या मुलीला घेऊन समोर उभी राहिली. केस पांढरे, पुढचे दोन दात नाहीत. मी मावशी म्हणणार होते. तिनं बुरख्याचा पडदा वर केला आणि हसली, तेव्हा ओळखलं. नजमा तेहेतीस वर्षांची होती.

म्हणाली, नवरा गेल्या साली वारला. सावत्र मुलांनी दुकान घेतलं. आता पोरीला घेऊन अम्मीकडे नवाबपुऱ्यात परत आलेय. पोरीला याच शाळेत घालायचंय. हे सगळं तिनं मला अगदी साधेपणानं सांगितलं. मग दाऊदकडे वळली. पोरीची तारीख तिनं इंग्रजीत लिहूनच आणली होती. ती तिनं त्यांच्यासमोर ठेवली, त्यांनी रजिस्टरात उतरवली, आणि ती म्हणाली की वाचून दाखवा. त्यांनी वाचली. म्हणाली, पुन्हा. त्यांनी पुन्हा वाचली.

"मेरी भी आप ही लिखे थे," नजमा म्हणाली. "सिल्लोड में दुकान पे हर साल जंतरी आती थी. उस में फसली, ईसवी, दोनो छपते. एक पुरानी जंतरी मिली. छत्तीस था, मुन्शीजी."

अठरा-वीस वर्षांत त्यांना कुणी मुन्शीजी म्हटलं नव्हतं. त्यांनी टाक खाली ठेवला. तिनं वाट पाहिली. मग माझ्याकडे वळून, जुन्या मैत्रिणीला खुशाली विचारावी तशी, म्हणाली, "तेरा दुरुस्त हुआ था ना?"

मी म्हटलं, "हो."

"अच्छा हुआ," ती म्हणाली, आणि मुलीचा हात धरून पायऱ्या उतरली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या महिन्यात दाऊदनी तो अर्ज दिला. मिस हिवाळ्यांच्या जागी नव्या बाई आल्या होत्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी समजावलं, हसून पाहिलं, रागावून पाहिलं. दाऊद हलले नाहीत. सर्व्हिस बुकावर स्वतःच्या ओळीत त्यांनी लाल शाईनं तेराचे बारा केले आणि खाली पूर्ण नाव लिहिलं, दाऊद फकिरा खरात.

शेवटच्या दिवशी मी त्यांना गाठलं. मला राहवेना. म्हटलं, याचा नजमाला काय उपयोग? अठरा वर्षांपूर्वी एक ओळ लिहायची होती.

"काय बी उपेग नाय, बाई," ते म्हणाले. "तिचं एक वरीस माझ्याकडं ऱ्हायलं होतं. ते खाऊन बसायची लाज वाटली, एवढंच. तुम्हाला तरी कुठं ठाव नव्हतं?"

त्यांनी चाव्या टेबलावर ठेवल्या, टोपी घातली आणि गेले. दोन वर्षांनी वारले. मुलीचं लग्न त्यांच्या मागं तिच्या भावांनी केलं. नजमाची मुलगी आमच्याकडे मॅट्रिक झाली, गणितात पहिली. तिच्या आईनं नवाबपुऱ्यात लोकांचे कपडे शिवून तिला शिकवलं, आणि निकालाच्या दिवशीसुद्धा ती शाळेत आली नाही.

मी चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात निवृत्त झाले, ठरल्या दिवशी, हारतुरे घेऊन. छत्तीस वर्षं त्या जागेवर काढली. माझी तारीख बरोबर होती.